तिसरी डिस्क

जव्हार, बुधवार

प्रिय नीलेश,

फोनवर तू "आई, नंतर बोलतो" म्हणून ठेवून देतोस, आणि मोबाइलवर पाठवलेला लांब मजकूर तू वाचत नाहीस हे तुझ्या बायकोने, करिष्मानेच, मला सांगितलं. म्हणून हा कागद. मंगेश मोगरा घेऊन दादरच्या फुलबाजाराला निघाला आहे. वाटेत तो तुझ्या दारात उभा राहील आणि तू वाचून संपवेपर्यंत हलणार नाही, असं मी त्याला बजावलं आहे. त्याला चहा दे. माझा राग त्याच्यावर काढू नकोस.

परवा तू म्हणालास, "ती तिसरी डिस्क गेली गं. रविवारी फॉरमॅट मारून बघतो, चालली तर करिष्माला देईन, तिला जागा पुरत नाही." आणि लगेच यंदा आंबा कसा आहे ते विचारलंस. आंबा बरा आहे. पण 'गेली' म्हणजे काय, नीलेश? माणूस गेला म्हणण्याआधीसुद्धा कुणीतरी नाडी बघतं. तू बघितलीस का?

साखरशेतची ठकी तुला आठवत असेल. तू लहान असताना करवंदं घेऊन यायची आणि तुझ्या ओंजळीत जास्तीची टाकायची, तीच. तिची लेक पोशी गेल्या पावसाळ्यात गेली. नागलीच्या लावणीत सापाने धरलं, आणि जीप मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. पोशीबरोबर तिच्या सगळ्या वस्तू दिल्या. नवी साडी, बांगड्या, फणी, आणि भिंतीवरचा लग्नाचा फोटोसुद्धा, काच काढून. मेलेल्याची वस्तू मागे ठेवली तर जीव त्या वस्तूपाशी घुटमळतो, असं त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं. फोटो पोशीचा होता, पोशीला दिला. घरात दुसरा फोटो नाही हे त्या घाईत कुणाच्या ध्यानात आलं नाही. जावयाच्या मोबाइलमध्ये काही होते, तो मोबाइल वीटभट्टीवर पाण्यात पडून बाद झाला.

होळीच्या आधी ठकी माझ्या पायरीवर येऊन बसली. म्हणाली, "बाय, दादांनी पोशीच्या लग्नाचे फोटू काढले होते, ते तुझे डब्यात असतील ना? आता डोळे मिटले का तिची चमकी दिसते, नाक नाय दिसत." पोशीची सकू तिच्याबरोबर होती. त्या पोरीने माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बाईकडे बोट केलं आणि आजीला विचारलं, "ही आये का?" ठकीने तिचा हात खाली केला. मी ठकीला सांगितलं, पुढच्या बाजाराला ये, काढून ठेवते. मला वाटलं सोपं असेल.

बाबांच्या फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला, पण त्याच्यातल्या डिस्का त्यांनी काढून लाडवांच्या डब्यात ठेवल्या होत्या. तू दिवाळीला दिलेला लॅपटॉप काढला, तर जुन्या डिस्कची रुंद पट्टीसारखी पिन त्याच्यात कुठेच बसेना. नाशिकहून वायर मागवली. ती आली ती बारीक, स्वस्तातली. लावली तर डिस्क आतल्या आत टकटक करायला लागली आणि पडद्यावर आलं की, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? किती नम्रपणे विचारतात. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकले, कॉम्प्युटर नव्हे. पण सही करण्याआधी वाचावं एवढं तेव्हाही शिकवत होते. मी 'नाही' दाबलं आणि वायर काढून घेतली. मग दुसरी मागवली, जिचा स्वतःचा प्लग भिंतीतल्या बोर्डात लावावा लागतो. ती लावल्याबरोबर डिस्क पिठाच्या गिरणीसारखी फिरायला लागली. डिस्क बिघडलेली नव्हतीच. तिला वीज पुरत नव्हती.

त्यानंतर काय, तर बाबांच्या नावाचं फोल्डर उघडायला गेले आणि मशीन म्हणालं, तुम्हाला परवानगी नाही. घर माझं, डबा माझा, त्या स्टुडिओत निम्मं आयुष्य गिऱ्हाइकांचे पदर सारखे करण्यात मी घातलं, आणि परवानगी नाही. मी त्या पडद्याशी मोठ्याने भांडले. शेजारची जयश्री कोण आलंय म्हणून बघून गेली. मग खाली 'पुढे चला' असं बटण दिसलं ते दाबलं. हिरवी रेघ दुपारभर सरपटत राहिली आणि संध्याकाळी सगळं उघडलं. मोखाड्याची लग्नं, शिरपामाळची सहल, दाभोशाचा धबधबा, दहावीच्या फॉर्मसाठी पावडर फासून बसलेल्या पोरी. बाबांनी सगळं पाड्यांच्या नावाने लावलं होतं. माणसाचं नाव शाळेत एक असतं आणि घरी दुसरं, पाडा मात्र एकच, असं ते म्हणायचे. साखरशेतचं फोल्डर मी शेवटपर्यंत पाहिलं. दुसरी डिस्कही अशीच उघडली. पोशीचं लग्न दोन्हींत नाही. ते नंतरचं, तू इंजिनिअरिंगला गेल्यानंतरचं. म्हणजे ते तिसरीवर आहे, जी तू बाबांच्या तेराव्यानंतर 'कॉपी करून देतो' म्हणून बॅगेत टाकून नेलीस.

काल करिष्माला मी सरळ विचारलं. ती बिचारी खोटं बोलत नाही. तू तीच बारीक वायर लावलीस, तोच प्रश्न आला, तू "गेली" म्हणालास आणि डिस्क खणात टाकून मॅच बघायला बसलास. एवढीच तुझी तपासणी. तुझ्या शिक्षणासाठी त्या माणसाने भर उन्हात डोक्यावर रुमाल बांधून लग्नं काढली. त्याच्या शेवटच्या वर्षांच्या कामाला तुझ्याकडे भिंतीतल्या एका प्लगाएवढाही वेळ नव्हता? आणि आता ते पुसून तिथे काय ठेवणार, तर रील्स. करिष्माला मी बोलत नाही, तिला माहीतच नव्हतं त्यात काय आहे. तुला माहीत होतं. ठकी या आठवड्याच्या बाजाराला आली तेव्हा मला तिला पुन्हा 'अजून नाही' म्हणावं लागलं.  ती करवंदं ठेवून गेली. ती मी अजून खाल्लेली नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे. ती फोनवर सांगणं मला जमलं नसतं. त्या डिस्कांत नुसते फोटो नाहीत, लग्नांचे व्हिडिओही आहेत. बाबा एकातही दिसत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात. पण परवा मी भाकरी थापत होते, लॅपटॉपवर कुठलंसं लग्न चालू होतं, आणि एकदम ते ओरडले, "अरे नवरदेवा, फाशी चाललायस का? हस की जरा." माझी भाकरी तव्यावर करपली. त्या डिस्कांवरचा आवाज त्यांच्या तरुणपणाचा आहे. नंतर तो घोगरा झाला, वाक्याच्या मध्ये दम लागायला लागला. त्या आवाजाने मला शेवटची हाक मारली. तो तिसरीवर आहे.

तेव्हा आता ऐक. शनिवारी सकाळच्या एसटीने मी येते आहे. माझ्याबरोबर ठकी आणि सकू आहेत. वायर माझ्याजवळ आहे. तोवर त्या डिस्कला हात लावायचा नाही, कुठलंही बटण दाबायचं नाही. ती खरोखर मेली असेल तर ते ठकीला तू तोंडावर सांगायचंस, मी सांगणार नाही. उघडली तर आधी पोशी शोधायची, आणि सकूला मांडीवर घेऊन तिची आई तू दाखवायचीस. मोठे प्रिंट काढून आणायचे, तेही तूच. मग ठकीला आणि सकूला घेऊन तुम्ही सगळे तुमच्या घराजवळच्या तलावावर फिरायला जा आणि मला त्या डिस्कपाशी सोडा. मी दार आतून लावून घेईन. लवकर परत येऊ नका.

तुझीच,
आई