तुमचं अक्षर सी ड्राइव्हमध्ये होतं

बाबा, तुमचा कॉम्प्युटर सुरू झाला. बटण दाबून चहाचं आधण ठेवेपर्यंत पडदा उजळतो, तुमच्या काळी इतक्या लवकर तो कधीच उठला नाही. दुरुस्त करणारा खूश, तुमचे जावई खूश, शेजारचा झेरॉक्सवालासुद्धा डोकावून "आता मस्त चालून राह्यला, ताई" म्हणून गेला. फक्त तुमचं अक्षर त्यात नाही. आणि त्यात नाही म्हणजे आता कुठेच नाही. हे सगळ्यांना सांगून पाहिलं, कोणाला काही वाटत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

साखरखेर्ड्यातल्या निम्म्या पाट्या तुमच्या हातच्या होत्या. दुकानं, ट्रॉल्यांच्या मागची नावं, शाळेच्या भिंती. रंगाचे डबे स्वयंपाकघरात फडताळाखाली असायचे आणि भाकरीलाही टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून आई रोज भांडायची. मी आठवीत असेन. किराणा दुकानाची पाटी अंगणात भिंतीला टेकवलेली आहे, तुम्ही अक्षरांच्या रेघा आखून दिल्यात आणि आत रंग मी भरतेय. मैत्रिणी बाहेर हाका मारताहेत. मी 'श'चं पोट एका फटक्यात बुजवून टाकते. तुम्ही येता, बघता आणि रॉकेलच्या फडक्यानं अख्खं अक्षर पुसून टाकता. "काऊन वं, कोणी मांगं लागलं हाय का तुह्या? जरा दम खाऊ दे त्या अक्षराले." मला इतका राग आला होता की मी संध्याकाळी जेवले नाही. तुम्हीही मनवायला आला नाहीत, हेही खरं.

मग फ्लेक्स आले. ज्यांच्या पाट्या तुम्ही रंगवल्या त्यांनीच त्यावर फ्लेक्स ठोकले, तुमच्याकडूनच शिडी मागून नेऊन. पन्नाशीला आलेला दुसरा कोणी हात टेकून बसला असता. तुम्ही बंद पडलेल्या क्लासमधला जुना कॉम्प्युटर उचलून आणलात आणि दुकान टाकून लग्नाच्या पत्रिका छापायला सुरुवात केलीत. त्यात येणारं तयार अक्षर तुम्हाला आवडेना. "हे काय बे, सगळे अक्षरं एकाच मायचे लेकरं असल्यासारखे!" म्हणून स्वतःची अक्षरं कागदावर काढून, स्कॅन करून आत घेऊन, माउसनं एकेक गिरवत बसलात. आई गेल्यानंतरचा तो अख्खा उन्हाळा त्यातच गेला. "बोटाले काहीच समजत नाही वं, साबणाच्या वडीनं लिवून राह्यलो मी," असं म्हणायचात आणि तरी उठायचा नाहीत. अर्धा श, रफार, ज्ञ, क्ष, सगळं. माझी पोरगी तेव्हा तुमच्या मांडीवर बसून माउस ओढायची. तिला म्हणालात, तुह्या लग्नाची पत्रिका याच अक्षरात छापू. ती एवढीशी होती, पण हे वाक्य तिनं पक्कं धरून ठेवलं.

तुम्ही गेल्यावर दुकान मीच चालवते. मोबाइलवर पाठवायच्या पत्रिका आल्या, त्या तुमच्या कॉम्प्युटरवर होईनात, मग नवा घ्यावा लागला. तुमचा कोपऱ्यात चादरीखाली गेला. दसऱ्याला चादर काढायची, हळदकुंकू वाहायचं, एकदा सुरू करून बघायचा, झालं. यंदा पोरीचं लग्न ठरलं. ती पुण्याला नोकरी करते, तिथून फोनवर पहिलं वाक्य काय, तर "आई, पत्रिका आजोबाच्या अक्षरात, विसरू नको." मी चादर काढली, बसले, अर्धी पत्रिका टाइप करून लावली. सेव्ह करायला गेले तर म्हणे जागा नाही.

तुमचे जावई तुम्हाला माहीतच आहेत. घरात कुठली वस्तू दोन दिवस जागेवर दिसली की ती भंगारात. मी जेवायला गेले तेवढ्यात ते खुर्चीवर बसले आणि ज्या फायलींची नावं वाचता येईनात त्या सगळ्या उडवल्या. वर मलाच म्हणतात, "कचरा होता नुसता, काढून टाकला." दुसऱ्या दिवशी काळा पडदा, त्यावर इंग्रजीची एक पांढरी ओळ, काहीतरी सापडत नाही म्हणून. पुढं काहीच नाही. मी एवढी बोलले त्यांना की दोन दिवस ते शेतातच राहिले.

मग कॉम्प्युटरचा तो डबा मांडीवर घेऊन काळीपिवळी जीपनं दुसरबीडला गेले. रस्त्यावर एक मोबाइल-कॉम्प्युटरवाला आहे, स्वभावानं चांगला. त्याला बजावून सांगितलं, दादा, यात माझ्या वडिलांची अक्षरं आहेत, बाकी काही गेलं तरी चालेल. तो म्हणाला, "हाव ताई, काहीच टेन्शन घेऊ नका, सगळं ठिवतो." आणि त्यानं खरंच सगळं ठेवलं. फोटो ठेवले, गाणी ठेवली, तुम्ही लावलेल्या पत्रिका एकूण एक ठेवल्या. मग फॉरमॅट मारला, म्हणजे आतलं सगळं पुसून पुन्हा नवं भरलं. आपल्याकडे काहीही बिघडलं की फॉरमॅट मारतात, ताप आला की सुई टोचतात तसा. अक्षरं त्या पत्रिकांमध्ये नसतात, ती सी ड्राइव्हच्या आत वेगळी राहतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मी आपली अक्षरं-अक्षरं म्हणत राहिले, फॉन्ट म्हणायचं सुचलं नाही, आणि त्याला वाटलं, लिहिलेला मजकूर. त्याचा तरी काय दोष. घरी येऊन तुमची एक पत्रिका उघडली, तर वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि स्वल्पविरामांचा नुसता चिवडा. दुसरी उघडली, तोच प्रकार. मी एकामागून एक उघडत गेले. कोणाकोणाची लग्नं लावलीत तुम्ही, कोण जाणे.

जालन्याला नेला. तिथला माणूस म्हणाला, वरून नवीन लिहिलं गेलंय, आता निघणार नाही. तुमची फ्लॉपी सापडली, तिला बुरशी. मग वाटलं, छापलेली एखादी पत्रिका मिळाली तर तिच्यावरून अक्षरं पुन्हा गिरवता येतील. घरोघर विचारत फिरले. पण पत्रिकेवर गणपती असतो, केरात टाकत नाहीत, विहिरीत नाहीतर नदीत सोडतात. लोकांनी अगदी श्रद्धेनं सोडल्यात तुमच्या सगळ्या पत्रिका. पाट्यांवरचे फ्लेक्सही दोनतीन ठिकाणी उचकटून पाहिले. खाली गंजलेला पत्रा. किराणावाल्याचा मुलगा म्हणाला, "काकू, एवढं काय हाय त्या अक्षरात? वाचता आलं म्हंजे झालं."

लग्न तोंडावर आलं होतं. नव्या कॉम्प्युटरवर, तयार अक्षरात पत्रिका लावली. तुमच्या नावाआधी 'कै.' टाकलं, छापलं, गठ्ठे बांधले. पोरीला फोनवर सांगायचा धीर झाला नाही. आल्यावर सांगू म्हटलं.

ती काल आली. बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, आधी गठ्ठा सोडला. एक पत्रिका काढून खिडकीपाशी नेली, नावावरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "आजोबाचंच अक्षर हाय ना वं हे, आई? मी पाहताबरोबर ओळखलं." तिथं सांगायचं होतं बाबा, शब्द तोंडात आले होते. मी "हाव" म्हणाले.

ती झोपल्यावर तीच पत्रिका हातात घेतली. तुमचा 'श' कसा होता ते मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं काढून बघू म्हटलं. चारदा काढला. चारही वेळा पत्रिकेवरचाच 'श' उतरला. आता मलाही दुसरा आठवत नाही.