टकले टायर

८ जून, रविवार
आज म्हशीच्या अंगावर गाडी घातलीच होती मी. उमरेड रोड, सकाळची वेळ, रस्ता कोरडा ठक्क, वेगही काही फार नाही. म्हैस दिसली, ब्रेक पूर्ण दाबला, अन् गाडी थांबायचं नावच घेईना. घसरतच गेली. म्हशीच्या शेपटीजवळ कशीबशी थांबली. म्हशीनं मान वळवून पाह्यलं अन् आपली चालू लागली. माझे हात मात्र स्टिअरिंगवरून निघेच ना.

उतरून टायर पाह्यले. खाचा भरपूर, एकदम नव्यासारख्या. मग घसरली कायले?

बाबांले सांगितलं नाही. माझा भाऊ विनू कामठी रोडवर बाईक घसरून गेला तेव्हापासून त्यांच्यासमोर वेगाची गोष्टच काढता येत नाही. अन् पोरीनं घेतली काय, तं लाल, दोन सीटची, जमिनीले टेकलेली गाडी! वर्ष होऊन राहिलं, एकदाही बसले नाही तिच्यात.

१० जून, मंगळवार
टायरच्या बाजूवर चार आकडे असते. कोणत्या आठवड्यात अन् कोणत्या साली बनला ते. काल वाचलं, आज पोर्चमध्ये उकिडवी बसून स्वतः पाह्यलं. माय वं! हे टायर तं माझ्या क्लासच्या पहिल्या बॅचएवढे जुने. आधीचा मालक गाडी नुसती झाकून ठेवत होता, म्हणून खाचा शाबूत. रबर वाळून लाकूड झालेलं. नख रुतत नाही.

अन् मी पोट्ट्यायले वर्षभर घर्षण शिकवते. थू.

दुपारी लकडगंजात टायरच्या दुकानात. मालक म्हणे, "साहेबांची गाडी काय?" म्हटलं, साहेब नाही, मीच. त्यानं दोनदा गाडीकडं पाह्यलं, एकदा माझ्याकडं.

दोन प्रकार दाखवले. एक खाचावाले, पाऊस-ऊन काहीही चालते, बरेच दिवस टिकते. दुसरे मऊ, जवळपास सपाट, दोन-चार बारीक रेघा फक्त. कोरड्या रस्त्याले गोंदासारखे चिकटते अन् लवकर झिजते. दिवाळीनंतर विमानाच्या एका जुन्या धावपट्टीवर रेस आहे, एकेक गाडी सोडते, टायमिंगवर. मले जायचं आहे. जायचंच आहे. "म्याडम, हे पावसात लावू नका, साबणावर चालल्यासारखं होईन," मालक म्हणे. भाव ऐकून स्टुलावर बसून गेली मी. तरी सपाटच सांगितले.

१९ जुलै, शनिवार
आले! चारही. प्रत्येकावर लाल-पिवळा स्टिकर, रबराचा कोरा वास. पाऊस जाईपर्यंत लावायचे नाही, म्हणून जिन्याखाली रचून ठेवले. तोवर जुन्यावरच, चाळीसच्या वर नाही. काल एका आजोबांनी स्कूटीवरून ओव्हरटेक केलं अन् वरून हात दाखवला.

बाबा आले, उभे राहिले. टायरवरून तळहात फिरवला. खापरखेड्याच्या वीज प्लांटमध्ये जन्म गेला त्यांचा, कोणत्याही वस्तूले आधी हात लावते, मग बोलते.

"हे टकले कायले आणले वं, मंजे?"

समजावलं. नवे आहे, असेच असते, रेसचे आहे.

"अन् पाणी कुठून जाईन?"

"पावसात चालवणारच नाही नं बाबा."

"पाऊस तुले विचारून येते काय?"

जेवले नाही. विनूच्या बाईकचं मागचं टायर टकलं होतं. पोलिसानं पंचनामा करताना सांगितलं होतं, भुरभुर पाऊस अन् टकलं टायर. हे घरात कोणी बोलत नाही. आज मीही बोलली नाही.

३ ऑगस्ट, रविवार
बाबा रोज सकाळी जिन्याखाली जाऊन पाहून येते. देवाले जाते तसे. मी विचारलं, काय पाहता? म्हणे, उंदीर.

मले राग येऊन राहिला. अडतीस वर्षांची बाई मी. स्वतःच्या कमाईची गाडी, स्वतःचे टायर, अन् घरात चोरासारखं वागायचं.

२२ ऑगस्ट, पोळा
उद्याच्या मारबतीच्या मिरवणुकीसाठी गल्लीचा बडग्या बनून राहिला, भंगाराचा पुतळा, गावाची पीडा घेऊन जळणारा. गुड्डूभाऊ दारोदार भंगार मागत आला. दर वर्षी तोच मुखिया, पोट सुटलं तरी हौस जात नाही. मी कूलरचं जुनं गवत दिलं, पुठ्ठे दिले, फाटकी ताडपत्री दिली. "अजून काही असन तं पाहा नं, ताई. औंदा बडग्याचं पोट मोठं पाहिजे!"

म्हटलं, बाबांले विचार, मले क्लासले उशीर होऊन राहिला.



२३ ऑगस्ट, मारबत
लिहिता येत नाही धड.

चौकात उभी होती. ढोल, गुलाल, माणसावर माणूस. काळी मारबत गेली, पिवळी मारबत गेली, मग गल्लोगल्लीचे बडगे. आमचा आला. वर फेटा, मिशा, खाली भलंमोठं गोल पोट. पोट्टे नाचून राहिले, "घेऊन जा गेऽऽ मारबत!" मीही ओरडत होती. टाळ्या वाजवत होती. अन् पोटावर लाल-पिवळा स्टिकर दिसला.

माझे टायर!!

चारही. एकावर एक रचून, वर ताडपत्रीचा सदरा. घुसली गर्दीत. गुड्डूभाऊले धरलं, "अरे, ते नवे आहे, उतरव!" ढोलात त्याले ऐकूच येईना. कानात ओरडली. तो थिजला. "काकाजींनंच दिले नं ताई! म्हणे टकले झाले, पीडा आहे घरात, घेऊन जा." बाबांले विचार, हे माझ्याच तोंडानं म्हटलं होतं मी. मिरवणूक कोण थांबवते? मारबत निघाली की माघारी घरात आणत नाही, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. गुड्डूभाऊ बिचारा रडकुंडीले आला. पण हात लावेना.

शेवटी जाळलं. काळा धूर, असा काळा की बस. लोक म्हणून राहिले, औंदा पीडा जोरदार जळली.

घरी आली. बाबा गॅसपाशी. "चहा घेतं काय?"

२४ ऑगस्ट, रविवार
ओरडली. खूप ओरडली. शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या.

"मले वाटलं घासलेले आहे," इतकंच म्हटलं त्यांनी. अन् पेपर उघडला.

विसरले? वयाचं काही? मले धडकी भरली. डॉक्टरांकडं न्यावं काय?

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती बसले. आरती करता करता डोक्यात लख्ख आलं. स्टिकर चारही टायरवर होते. मिरवणुकीत एकावरच होता.

गुड्डूभाऊले फोन केला. म्हणे, आम्ही काहून काढू? आले तसेच बांधले.

म्हणजे बाबांनी काढले. नखानं खरवडून, एकेक. चौथा खालच्या बाजूले राहिला असन. म्हणजे त्यांना माहीत होतं नवे आहे. विसरले-बिसरले काही नाही. माझा बाप, ज्यानं प्लांटमधला एक खिळा घरी आणला नाही, त्यानं माझ्या वस्तूची अशी…

प्रसाद तसाच वाटीत ठेवला.

३१ ऑगस्ट, रविवार
विचारलंच. समोर बसून. आवाज चढवला नाही.

चष्मा काढून पुसला. मग:

"विनू आला होता माह्याकडं. टायर बदलू काय म्हणे. मी हात लावून पाह्यला अन् म्हटलं, अजून महिनाभर चालते."

बस. एवढंच.

आपण सगळे विनूले बेफिकीर म्हणत राह्यलो. नातेवाईक म्हणत राह्यले, मीही म्हटलं. अन् हा माणूस ऐकत बसला, इतकी वर्षं, एक अक्षर न बोलता. आईलेही सांगितलं नसन. आई गेली तशीच.



"तुले राग आला असन तं बोल," म्हणे.

७ सप्टेंबर, रविवार
सकाळी पोर्चमध्ये गेली तं बाबा गाडीत बसलेले! शेजारच्या सीटवर. पांढरा शर्ट, गुडघे छातीले टेकलेले. कसे बसले असतील देव जाणे, इथं मलेच घुसायले कसरत लागते.

"चाल. टायरवाल्याकडं. अन् हा पट्टा कुठं अडकवते वं?"

चाळीसनं गेलो. सगळा रस्ता एक हात डॅशबोर्डवर. सिमेंट रोडच्या प्रत्येक सांध्यावर गाडी ठक्क करे अन् बाबा डोळे मिटे.

दुकानदारानं दोन्ही पुढं ठेवले. बाबांनी आधी खाचावाल्यात बोटं घातली, पार आतपर्यंत. मग सपाटवर तळहात. यावेळी लवकर उचलला नाही. "हे खरंच चिकटते काय?" त्यांनी दुकानदाराले नाही, मले विचारलं. म्हटलं, हो बाबा, कोरड्यावर. "हं."

"तं कोणते देऊ?" दुकानदार.

"तिले विचारा. गाडी तिची आहे. टायरचं मी काही सांगत नसतो."

उद्या सांगते म्हटलं. आलो परत.

दारात गाडी उभी केली तरी बाबा उतरेना. पट्टा तसाच.

"त्या रेसमध्ये बाजूले कोणाले बसू देते काय?"

म्हटलं, विचारावं लागीन. काहून?

"मी बसीन म्हणतो."

"कोणत्या टायरवर, बाबा?"

"तू लावशीन त्या."

अन् उतरायले हात मागितला. मी दिला. मग मले घरातच जाता येईना, तिथंच पोर्चमध्ये उभी राहिली.

सकाळी दुकानदाराचा फोन येईन. काय सांगू त्याले?