न धुतलेली बंदूक

सॉरवुड दरी, टेनेसी
ता. ६ सप्टेंबर १९३७

चि. लॉन्झो यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं जुलैचं पत्र पावलं. फोटोत टाय बांधून उभा आहेस, ते पाहून व्हर्लीने विचारलं की मामाच्या गळ्याला काय झालंय. ॲक्रनच्या कारखान्यात टायर करतोस की टाय घालून मिरवतोस, ते कळवावे. इकडे काकवीचे दिवस सुरू झालेत. खेचर सकाळपासून घाण्याभोवती फिरतंय आणि माझे हात कोपरापर्यंत चिकट आहेत, म्हणून कागदाला डाग पडले तर समजून घे.

आता मुख्य गोष्ट. घरात बरं नाही. कोणी आजारी नाही, पण बरं नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला होणाऱ्या नेमबाजीच्या सामन्याचा सराव करायचा म्हणून बाबांनी गेल्या आठवड्यात दारावरच्या खुंट्यांवरून बंदूक काढली. गेल्या वर्षी बैलाचा मागचा फरा जिंकून आणला, तेव्हापासून त्यांनी ती वापरली नव्हती. साठ पावलांवर फळी लावली. पहिली गोळी हातभर बाजूला, दुसरी कुठे गेली देवालाच ठाऊक. मग त्यांनी गजाला ओली चिंधी गुंडाळून नळीत घातली, तर ती विटेसारखी लाल होऊन बाहेर आली. नळीच्या बुडाशी गज खरखरतो. आत खड्डे पडलेत. पणजोबांनी स्वतःच्या भट्टीत घडवलेली ठासणीची बंदूक, चार पिढ्या टिकली आणि एका हिवाळ्यात गेली.

गेली ती तुझ्या दाजींमुळे, असं बाबांचं म्हणणं. डिसेंबरात डुक्कर मारायला बर्लनी ती मागून नेली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच बाबांनी ती त्यांच्या हातात दिली. बर्ल शपथेवर सांगतात की त्याच दिवशी, जेवायच्या आधी, उकळतं पाणी घालून चांगली निवळेपर्यंत धुतली, वाळवली, चरबी लावली. शिवाय म्हणतात की बार भरण्यापूर्वी कोरडी चिंधी फिरवली तेव्हाच ती तांबूस आली होती. बाबा म्हणाले की चूक करणारा असंच बोलतो. मग सगळ्यांसमोर म्हणाले की घरजावई म्हणून अकरा वर्षं माझ्या ताटात जेवला आणि माझ्याच बंदुकीची वाट लावली. बर्ल ताटावरून उठले. तेव्हापासून ते आमच्या खोलीत वेगळे जेवतात आणि मी दोन्हीकडे वाढते.

नोव्हेंबरात सामन्याहून आल्यावर बंदूक तू साफ केली होतीस. तुला यातलं कळतं आणि बाबांना तुझा शब्द म्हणजे शेवटचा. नीट धुतलेल्या नळीला इतका गंज कधी आणि कसा चढतो, ते त्यांना समजावून लिही. दाजींची बाजू घे असं नाही सांगत, खरं असेल ते लिही.

व्हर्लीचा गोड पापा. माया राहू दे.
तुझी,
ऑर्लीना

-----

ॲक्रन, ओहायो
ता. १५ सप्टेंबर १९३७

ती. ताईस लॉन्झोचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. इतकी जुनी वस्तू. इकडे सगळं ठीक. रात्रपाळी संपून आता दिवसपाळी लागली आहे. खाणावळीतल्या बाईंच्या हातचा मक्याचा पाव म्हणजे फरशीचा तुकडा, तुझ्या हातची आठवण येते. टायचं म्हणशील तर सगळेच घालतात.

बंदुकीचं काय सांगू? मी नोव्हेंबरात साफ करून खुंटीवर ठेवली होती, हे तर तुम्ही पाहिलंच आहे. दाजींनी मुद्दाम काही केलं असेल असं मी म्हणत नाही. पण डुक्कर मारायच्या दिवशी काय गडबड असते ते मलाही माहीत आहे. पाणी तापवायचं, केस खरवडायचे, शेजारीपाजारी जमलेले. त्या घाईत नळी धुतली असेल, पण बुडाशी थोडं पाणी राहून गेलं असेल. तेवढं पुरतं. कोणाच्याही हातून होईल. बाबांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका, आणि दाजींनाही म्हणावं.

व्हर्लीला निळी फीत आणि बाबांना तंबाखूचा डबा पाठवतो आहे. भोंगा व्हायची वेळ झाली म्हणून आवरतं घेतो.

आहे तशीच माया ठेवावी.
तुझा,
लॉन्झो

-----

सॉरवुड दरी
ता. १ ऑक्टोबर १९३७

चि. लॉन्झो यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फीत आणि डबा पोचला. फीत व्हर्ली झोपतानाही सोडत नाही. डबा बाबांनी अजून उघडलेला नाही.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. पाणी राहिलं असेल या वाक्याशी त्यांनी थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. मग फक्त एवढंच म्हणाले की बघ, तोही तेच म्हणतो. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा मोकळा होईल, तसा झाला नाही. दाराच्या पलीकडे तुझे दाजी उभे होते, ते मला नंतर कळलं.

तुला दोष देत नाही. खरं लिही म्हणून मीच सांगितलं होतं. पण बर्ल यांच्याशी माझा अकरा वर्षांचा संसार आहे आणि हा माणूस कुदळसुद्धा पुसल्याशिवाय कोपऱ्यात ठेवत नाही. मला ते माहीत आहे, तरी त्या दिवशी तुझं पत्र हातात धरून मी त्यांना विचारलं की बुडाशी पाणी राहिलं असेल का हो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मी विचारायला नको होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

गोष्ट गावभर झाली आहे. दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्यांना तेवढंच हवं असतं. परवा एकजण म्हणाला की बर्लच्या हातात लाकडी चमचा द्या, लोखंडाचा दिलात तर संध्याकाळपर्यंत गंजेल. सगळे हसले आणि हेही हसले, कारण न हसून काय करणार. घरी आले आणि सामन्यातून नाव काढून घेतलं म्हणून सांगितलं. सोमवारपासून ते डोंगरापलीकडच्या लाकडाच्या गिरणीवर कामाला जातात आणि शनिवारी रात्री घरी येतात. तिथे राहायला दोन खोल्या मिळतात. थँक्सगिव्हिंग झाला की मला आणि व्हर्लीला तिकडे न्यायचं म्हणतात. मी नाही कोणत्या तोंडाने म्हणू?

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात चुलीतली राख बाहेर टाकताना ओट्यावरून पडले. मी गेले तर त्यांच्याजवळ कोणी नाही. तूही नाहीस. हे सगळं एका नळीतल्या गंजावरून, लॉन्झो.

काकवी चांगली झाली आहे, दोन डबे तुझ्यासाठी काढून ठेवलेत. माया आहे ती राहू दे.
तुझी,
ऑर्लीना

-----

ॲक्रन
ता. ८ ऑक्टोबर १९३७

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. पहिल्या तिन्हींत मी स्वतःला सांभाळून घेत होतो, म्हणून फाडली.

बंदूक मी धुतली नव्हती.

तुला आठवत असेल, सामन्याला माझ्याबरोबर इथले दोन मित्र आले होते. गाडीतून येताना सगळी वाट डोंगरातल्या लोकांचे विनोद चालले होते आणि मी त्यांच्याबरोबर हसत होतो. बाबांनी फरा जिंकला तेव्हा त्यांनी टोप्या उडवल्या, मला फार अभिमान वाटला. घरी आल्यावर बाबा म्हणाले, लॉन्झो, आज तू धू. मी बंदूक घेऊन मागच्या ओट्यावर गेलो, तर ते दोघे मागोमाग आले. त्यांच्यातल्या एकाकडे नवी बंदूक आहे. त्याने विचारलं की बंदुकीत पाणी ओततात हे खरं का, आणि तुमच्याकडे तिला चहाही पाजतात का. दुसरा लोळून हसला.

मला उकिडवं बसून, किटली घेऊन, ते काळं पाणी गजाने वरखाली करायची लाज वाटली. सडक्या अंड्यासारखा तो वास, कपड्यांवर उडणारे शिंतोडे, सगळ्याची लाज वाटली. बाबा ज्याच्यावर आयुष्यभर बसले त्या ओट्याची लाज वाटली. मित्राने खिशातून दुकानातल्या तेलाची बाटली काढली आणि म्हणाला की आता लोक हे वापरतात. मी तेलाच्या दोन चिंध्या फिरवल्या आणि बाहेरून बंदूक आरशासारखी चमकवली. दारूची काजळी तेलाने निघत नाही, तिच्यातलं मीठ पाण्यानेच विरघळतं, हे मला आठव्या वर्षी बाबांनी शिकवलं होतं. मला ते माहीत होतं. माहीत असून मी काजळीवर तेलाचं झाकण घातलं.

बाबांनी जेवताना विचारलं की पाणी निवळेपर्यंत धुतलीस का. मी हो म्हणालो.

दाजींची पहिली चिंधी तांबूस आली ती माझ्यामुळे. तुझं सप्टेंबरचं पत्र वाचलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं. तरी मी बुडाशी पाणी राहिल्याचं लिहिलं. ते सुचलं याचं त्या वेळी मला बरं वाटलं होतं, हे तुला सांगायला हवं. दाजी दाराआड उभे होते हे वाचल्यापासून मला घास जात नाही.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. गाळू नकोस. ते माझं नाव टाकतील तर टाकू देत. दाजींची माफी मागायला मला शब्द सापडत नाहीत, सापडले की त्यांना वेगळं लिहीन.

माया मागायचा हक्क या वेळी मला नाही.
लॉन्झो

-----

सॉरवुड दरी
ता. १४ ऑक्टोबर १९३७

चि. लॉन्झो यास बाबांचे आशीर्वाद. वि. वि.

अक्षर ताईचं आहे, बोलणं माझं. मी सांगेन तसंच लिहायचं, माझी बाजू सावरायची नाही, असं तिला बजावलं आहे.

तुझं पत्र तिने वाचलं. मी रागावेन असं तिला वाटलं असावं, कारण वाचताना ती मधूनमधून माझ्याकडे बघत होती. मी रागावलो नाही. तू त्यात मला नवीन काहीच सांगितलेलं नाहीस.

त्या दिवशी मी चुलीजवळ खुर्चीत होतो. किटली माझ्या समोर होती. ती चुलीवर चढली नाही. कोणी उचललीही नाही. तू आत आलास तेव्हा तुझे हात स्वच्छ होते. ठासणीची बंदूक धुतलेल्या माणसाचे हात चार दिवस काळे असतात. मी विचारलं, तू हो म्हणालास, आणि मी मांसाची ताटली तुझ्याकडे सरकवली. पाहुण्यांसमोर तुला खोटं पाडायचं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तुम्ही गेल्यावर मी बंदूक खाली काढली. पाणी तापवून धुतली असती तर काही बिघडलं नसतं, एकच रात्र झाली होती. पण धुतली असती तर माझा मुलगा माझ्या तोंडावर खोटं बोलला हे पक्कं झालं असतं. मी ती तशीच परत टांगली. म्हातारे डोळे आहेत, आपलंच पाहण्यात चुकलं असेल, असं धरून चाललो.

(इथे मी लेखणी खाली ठेवली. बाहेर जाऊन लाकडं आणली. परत आले तेव्हा बाबा तसेच बसले होते. पुढे लिही म्हणाले. — ऑ.)

महिन्याने बर्लने मागितली तेव्हा मी लगेच दिली. कधी दिली नव्हती ती त्या दिवशीच का दिली, हे मी रोज स्वतःला विचारतो. तो चांगला धुऊन आणेल म्हणून दिली, की आणखी कोणाचा तरी हात लागलेला असावा म्हणून दिली, हे माझं मलाच कळत नाही. पहिलं असावं अशी इच्छा आहे. पण ऑगस्टात चिंधी लाल आली तेव्हा माझ्या तोंडून बर्लचं नाव इतकं चटकन निघालं, की ते बरेच दिवस तयार असणार.

तू तरुण आहेस. दोन टवाळांपुढे लाजलास आणि खोटं बोललास. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा, आणि खरं माहीत असून एका भल्या माणसाला त्याच्या बायकोपुढे, लेकीपुढे ताटावरून उठवलं. तुझं सप्टेंबरचं पत्र ऐकून वर, बघ, तोही तेच म्हणतो, असं म्हणालो. तेव्हा तू खोटं लिहितो आहेस हेसुद्धा मला ठाऊक होतं.

बंदुकीचं होईल काहीतरी. नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे पीळ नव्याने कापून ती थोडी मोठी करणारा एक म्हातारा नदीपलीकडे आहे, गोळीचा साचा नवा करावा लागेल. त्याची काळजी नको.

तू थँक्सगिव्हिंगला ये. एकटा ये. सामन्याला सगळं गाव जमेल, ओट्यावरचे हसणारेही असतील. पहिला बार व्हायच्या आधी आपण दोघांनी उभं राहून बोलायचं. मी वयाने मोठा आणि माझी चूक मोठी, म्हणून आधी मी बोलेन.

बाबांचं इथे संपलं. आता माझं.

लॉन्झो, मला तुम्हा दोघांपैकी कोणाचा जास्त राग आला आहे ते अजून ठरवता येत नाही. ठरलं की कळवीन. हे पत्र शनिवारी तुझ्या दाजींना वाचून दाखवल्याशिवाय टपालात टाकणार नाही, असं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले की मीही समोर बसेन, आणि वाचताना मला उठून जाऊ देऊ नकोस.

माया आहे. सध्या तेवढंच लिहिते.
तुझी,
ऑर्लीना

ता. क. शनिवार रात्र. वाचून झालं. बाबा उठले नाहीत. मीही तुझे दाजी बसले होते तिथे जाऊन त्यांची माफी मागितली, काय बोलले ते आमच्या दोघांत राहू दे. मग बर्ल म्हणाले की गावासमोर बोलायची काही गरज नाही, घरात कळलं तेवढं पुरे. बाबा म्हणाले की गावासमोर हसला होतास ना, मग गरज आहे. तू ये.