कफातले अठ्ठावीस

चि. वकीलसाहेब भाचेबुवांस मामाचे आशीर्वाद. तुझी पाठ आणि सूनबाईंचे गुडघे ठीक असतील असे धरून चालतो. माझ्या छातीत धडधडते, पण ती चाळीस वर्षांच्या शिलाई मशीनची सवयही असेल.

तर नातीच्या शाळेतून पत्र आले. त्यातला ‘गैरवर्तन’ हा शब्द मी तीनदा वाचला (माझी चौथी झाली आहे, तीही ढकलत) आणि पोरीने कुणाचे तरी डोके फोडले अशा समजुतीने मुख्याध्यापकांपुढे हात जोडून माफी मागून आलो. त्यांनी ती कबुली म्हणून लिहून घेतली. खाली माझी सही आहे. घरी आल्यावर कळले, आरोप कॉपीचा आहे! गणिताच्या परीक्षेत तिच्या कफाच्या आत बाईंना पेनाने लिहिलेले आकडे सापडले : साडेचौदा, सात, अठ्ठावीस. आणि चौथ्या गणिताचे उत्तर नेमके अठ्ठावीस. अरे, ती तिची मापे! बाही, मनगट, छाती. गणवेश मीच शिवला. पांढऱ्या कापडावर खडू मला दिसत नाही, म्हणून पेन वापरले (धुतले की जाते, असे विकणारा म्हणाला होता). पोरगी मात्र डगमगली नाही. “बाई, उरलेल्या एकोणीस उत्तरांना कापडाचा अख्खा तागा लागला असता,” म्हणाली. आरोपात उद्धटपणाची भर पडली. पण विसाच्या वीस गणिते बरोबर आहेत रे! आपल्या घरात विसापैकी वीस आजवर फक्त मी, आणि तेही काजे करताना.

सोमवारी समितीपुढे सुनावणी आहे. पटले नाही तर तिचे वर्ष जाईल, माझ्या अक्षरापायी. ती म्हणते, “आजोबा, आता तुम्ही काही बोलू नका.” वकिलाआधी तिनेच सल्ला दिला. तू ये.

तुझा मामा

ता. क. येताना काळा कोट आण, तुला सनद मिळाली तेव्हा मी शिवलेला. आतल्या खिशाचे अस्तर उलटे कर. तिथे याच अक्षरात तुझी मापे असतील. तोच आपला पुरावा. कृपा करून धुवायला टाकू नकोस.

आणखी ता. क. अंगात शिरत नसेल तर हातात घेऊन ये. अस्तरावर कंबर तीस लिहिली आहे. तुझ्याकडे पाहून समितीला शंका आलीच, तर नात उत्तर देईल. मी गप्प बसणार आहे.