डाव्या डोळ्याची बाहुली

तीर्थपुरी,
ता. २८ मे २०२४

चि. सौ. पायल हिस,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू फोन उचलत न्हाईस. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोटोही दिसेना, म्हणजे ब्लॉक केलंस. पोस्टाच्या पाकिटाला ब्लॉक करता येत न्हाई, म्हणून लिहून राह्यले. फाडायचं असलं तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

इकडं आम्ही ठीक. आमचा राजानंद पहिलीत जाणार. नवं दप्तर पाठीला लावूनच जेवतो. तुझ्या मिथुनरावांना मिलमध्ये सुपरवायझर केलं असं आईकडून कळलं, चांगलं झालं. तू स्वतः कळवलं असतंस तर काही बिघडलं नसतं.

आता नामकरणाचं. बुद्धपौर्णिमेला मी दोन गाड्या बदलून आल्ते. आकांक्षासाठी झबलं-टोपरं माझ्या हातानं शिवलं होतं. पोर माझ्या मांडीवर दोन मिनिटं राह्यली न्हाई तर तू उचलून नेलीस. दूध पाजायचं असंल म्हटलं. तर आतल्या खोलीत तू तिच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून राह्यल्तीस. दार उघडं होतं, पायल. शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर धडे देणारी तू, आन् बाहेर भंतेजींची खीर अजून संपली नव्हती! मंग चार बायांच्या देखत मी जे बोलले ते बोलले. त्यातलं एक अक्षर परत घेत न्हाई.

तुला वाटतं मी जळते. हो, जळते. तुला डी.एड. करू दिलं, माझं बारावीचा निकाल लागायच्या आत लग्न लावलं. तुझी सासू तुला हातात चहा देते, माझी उठता-बसता टोमणे देते. ते सगळं गिळलं मी. पण तुझ्या पोरीचे दोन टपोरे डोळे बघितले आन् माझ्या पोटात कालवलं. माझ्या राजाचा डावा डोळा दोन वर्षांचा असताना काढावा लागला. रोज सकाळी तो नकली डोळा मी धुते, बसवते, आन् त्याला शाळेत कुणी चिडवू नये म्हणून केस कपाळावर आणते. आणि तू मलाच भितेस, मी नजर लावीन म्हणून! वा गं बहीण.

लोभ आहे की आटला, तेवढं तरी कळव.

तुझी ताई,
भावना

ता. क. — खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसले, पण आधी राग बाहेर आला. वसंतामामाच्या स्टेटसला नामकरणाचा फोटो बघितला. फ्लॅशमध्ये आकांक्षाची उजवी बाहुली लाल आलीय, डावी पांढरी. मांजराचा डोळा चमकतो तशी. राजाची अश्शीच चमकायची आन् आम्ही कौतुक करायचो. पोरीला डोळ्याच्या डॉक्टरकडं ने. जल्दी ने.

·

जुना जालना,
ता. ४ जून २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. फाडलं नाही. मिथुनना वाचून दाखवलं, ते म्हणाले की ताईंचं मन साफ नाही. मी तुझी बाजू घ्यायला गेले, पण घेण्यासारखं तू काही ठेवलंच नव्हतंस.

माझ्या पोरीचे डोळे बघून पोटात कालवलं असं तू स्वतःच्या हातानं लिहितेस, आणि खाली लिहितेस की तिच्या डोळ्यात काही तरी आहे. मी काय समजायचं? मामाचा मोबाइल जुना, त्याच्या फोटोत माझेही दात हिरवे दिसतात. आकांक्षा खुळखुळ्याकडं बघते, मला ओळखून हसते. मीठ-मिरच्या मी ओवाळल्या. चुकलं माझं. आई झाल्यावर माणूस शहाणं राहत नाही, हे तुला मी सांगायला पाहिजे का?

आणि जळण्याचा मक्ता तुझ्याकडंच आहे असं समजू नको. राजा आजारी पडल्यापासून आई-बाबा तुझेच झाले. माझ्या लग्नात बाबा मांडवात कमी आणि राजाला कडेवर घेऊन बाहेर जास्त. माझ्या बाळंतपणात आई आठव्या दिवशी निघून गेली, का तर राजाचा डोळा बदलायचा होता. मी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर तुम्ही सगळे मलाच वाईट म्हणाला असता.

राजाचं मला फार वाईट वाटतं. पण ते तुझ्या सासरकडून आलेलं आहे. आपल्या घराण्यात असलं कुणालाच नाही. बाबांचा डोळा लहानपणी बोरीच्या काट्यानं गेला, हे आख्ख्या अंबडला माहीत आहे. तेव्हा माझ्या लेकरावर असलं काही चिकटवू नको.

राजाला पापा. माया कमी-जास्त होते, संपत नाही, एवढंच लिहिते.

तुझी,
पायल

·

तीर्थपुरी,
ता. ८ जून २०२४

चि. पायल,
आज आशीर्वाद न्हाई, हात जोडते. वि. वि.

हे पत्र लिहायला मला चार वर्षं उशीर झाला. आता लपवत न्हाई.

राजाचं हैदराबादला ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी माझं आन् राजाच्या पप्पांचं रक्त तपासलं. त्यांचं चांगलं निघालं. दोष माझ्यात निघाला. सासरकडून न्हाई, माझ्याकडून आला, म्हणजे आपल्या घरातून.

डॉक्टरांनी मला समजावलं होतं ते तुला सांगते. अंगातल्या पेशी एकीच्या दोन होतात. त्या आधी एक प्रथिन त्यांना अडवतं, बराबर आहे का बघतं, मंगच पुढं जाऊ देतं. त्याला आरबी म्हणतात. बाबा स्टँडवर कंट्रोलर होते तेव्हा त्यांची सही झाल्याशिवाय गाडी हलायची न्हाई, तसं. हे प्रथिन बनवायच्या कृतीच्या दोन प्रती आपल्याकडं असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडलेली आली तरी दुसरीवर भागून जातं. पण बाळाच्या डोळ्यातल्या एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की अडवणारं कुणी उरत न्हाई. पेशी वाढतच जातात, गाठ होते. काहींना बिघडलेली प्रत असूनही काहीच होत न्हाई, जशी मी. तूही तशीच असशील.

ऑपरेशननंतर त्यांनी एक कागद दिला. त्यावर लिहिलंय की घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा, आन् नवीन बाळ जन्मलं की पहिल्या महिन्यातच डोळे दाखवा. तेव्हा तुझं मिथुनरावांशी जमत होतं. बाबा म्हणाले की पायलचं लग्न होऊ दे, तोपर्यंत बोलू नको. मी गप्प राह्यले. सासूबाई म्हणाल्या मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोराला असं झालं. तेही ऐकून घेतलं, तुझ्यासाठी.

पण जानेवारीत तुझं बाळ झालं तेव्हा लग्नही झालेलं होतं आन् कुणाची आडकाठीही न्हवती. तो कागद माझ्या कपाटात साड्यांच्या खाली होता. रोज दिसायचा. आज पाठवते, उद्या पाठवते. चार महिने पाठवला न्हाई. कारण विचारशील तर कारण एकच. मला वाटायचं, पायलच्याच वाट्याला सगळं चांगलं का? तिला बी कळू दे. हे मी मनात बोलले, पायल. तुझं तान्हं लेकरू पाळण्यात, आन् मी इथं बसून हे बोलले.

फोटो बघितला, तवा कुठं तुला पहिलं पत्र लिहायला बसले.

काल अंबडला जाऊन बाबांना काट्याचं विचारलं. ते उठून बाहेर गेले, जेवायला बी आले न्हाईत. कागद सोबत जोडला आहे. मला काय शिव्या द्यायच्या त्या नंतर दे. आधी जा.

भावना

·

अंबड,
ता. ११ जून २०२४

चि. सौ. पायल,
साहेबरावचा, म्हंजी तुझ्या बापाचा आशीर्वाद. वि. वि.

भावना येऊन गेली. तिच्या तोंडावर बोलायची हिंमत झाली न्हाई, म्हणून तुला लिहितो.

काटा नव्हता. मी तीन वर्साचा असताना डोळ्यात गाठ झाल्ती. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात डोळा काढला. माझ्या बापानं गावात सांगितलं काटा लागला, कारण गाठ म्हटलं असतं तर मला कुणी पोरगी दिली नसती. तुझ्या आईला बी मी काटाच सांगितला. राजाचा डोळा पहिल्यांदा चमकताना बघितला तवाच मी समजलो. तरी तुझं लग्न मोडंल या भ्यानं भावनाला गप केलं. तिची सासू तिला काय काय बोलली ते मला म्हाईत हाय, बिलकुल म्हाईत हाय.

म्हणशील ते कबूल. पण पोरीला घेऊन आजच्या आज नीघ. खर्चाचं मी बघतो.

तुझा बाप,
साहेबराव

·

हैदराबाद,
ता. २३ जून २०२४

ताई,
जयभीम.

मिथुन चार दिवस ड्यूटीवर जाऊन परत येणार आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. फोन करता आला असता. पण तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नाही.

बाबांचं पत्र आलं त्याच दिवशी निघालो. आकांक्षाला भूल देऊन डोळे तपासले. डाव्यात मोठी गाठ आहे, उजव्यात मोहरीएवढी. उजवी लेझरनं जाळली. डाव्यासाठी सहा किमो, पहिली परवा झाली. डोळा काढावा लागणार नाही असं डॉक्टर म्हणाले. नजर किती राहील ते आत्ता सांगता येत नाही. माझं रक्त घेतलंय, रिपोर्ट यायचाय. येऊन नवीन काय सांगणार!

डॉक्टरांनी विचारलं की घरात आधी कुणाला झालं होतं का. मी राजाचं आणि बाबांचं सांगितलं. मग बाळाला पहिल्या महिन्यात का आणलं नाही, असं ते विचारायला लागले. तेव्हा गाठ बारीक असती, बहुतेक लेझरवरच भागलं असतं. मी काय उत्तर देऊ? बहिणीनं कागद साड्यांखाली ठेवला म्हणून? मी म्हटलं, आम्हाला माहीत नव्हतं. तुझ्यासाठी खोटं बोलले, आणि बोलताना दात-ओठ खाल्ले. सहा किमो, ताई. पाच महिन्यांची पोर आहे का ही सुई टोचायला!

माफ केलं असं समजू नकोस. मी रोज ठरवते की तुझं तोंड बघायचं नाही. पण भूल द्यायच्या आधी तिला उपाशी ठेवतात, ती किंचाळते आणि मी सैरभैर होते. सासूबाई दोन दिवसांत घाबरून परत गेल्या. हे सगळं अंगावर घेऊन बसलेलं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

यायचं तर ये. येशील तेव्हा आधी भांडू.

पायल

·

तीर्थपुरी,
ता. २६ जून २०२४

चि. पायल,
आकांक्षाला उदंड आयुष्य. वि. वि.

मिथुनराव ओट्यावर चहा घेऊन राह्यले, तोवर लिहिते. ते मला जयभीमसुद्धा म्हणाले न्हाईत. बराबर केलं त्यांनी.

सहा किमो माझ्या नावावर लिहून ठेव. मला त्यावर बोलायला तोंड न्हाई.

तुझ्या पत्रात डोळा काढावा लागणार न्हाई हे वाचलं आन् मी चुलीपुढं बसून हमसून रडले. सगळ्यांना वाटलं आनंदानं रडते. तुला खोटं कशाला सांगू, निम्मी आनंदानं रडले. निम्मी यासाठी की माझ्या राजाच्या वेळी मला कुणी असं पत्र लिहिलं न्हाई. बाबा लिहू शकले असते. त्यांनी न्हाई लिहिलं, आन् मी शिकले तर त्यांच्याकडूनच शिकले. म्हणजे मी अजून जळतेच, पायल. तुझ्यासमोर बसून जळीन, पण पोरीला नीट धरीन. भूल द्यायच्या आधी कसं धरायचं ते मला येतं.

राजाला मी सगळं सांगितलं. बाळाला त्याच्यासारखाच आजार झालाय, पण डोळा राहणार आहे म्हटलं. मला वाटलं खूश होईल. तो दप्तराच्या पट्ट्याशी खेळत बसला. मंग विचारलं की तिला माझ्यासारखा काढायचा-बसवायचा डोळा मिळणार न्हाई का. न्हाई म्हटलं. तर म्हणाला, मंग मी एकटाच का?

मी चार महिने जे कपाटात कोंडून ठेवलं, ते पोरानं एका दमात बोलून टाकलं. मला त्याला रागावता आलं न्हाई. तो एकटा न्हाई हे नुसतं सांगून त्याला पटणार न्हाई. म्हणून त्याला घेऊनच येते. त्या दवाखान्यात त्याच्यासारखी पुष्कळ पोरं असतात. शाळा आठ दिवस बुडाली तर बुडाली.

दोन तिकिटं काढायला मिथुनरावांना सांगितलंय.

भावना