टोकाचे बूच

२ मार्च. आजपासून घरातील यंत्रांची देखभाल मी स्वतः करणार. संगणक, डिस्कची पेटी आणि स्कॅनर ही तिन्ही एकाच केबलवर माळेसारखी ओवलेली आहेत. शेवटच्या स्कॅनरमागे अंगठ्याएवढे बूच आढळले. त्यास पुढे वायर नाही, अर्थात निरुपयोगी. भंगारवाल्यास दिले.

३ मार्च. संगणकास डिस्क दिसेना. तीवर सौ.च्या लघुकादंबरीची एकमेव प्रत आहे, माझ्या भाषिक दुरुस्त्यांसह. प्रकाशकांना ती महिनाअखेर हवी. सौ.ने विचारले, "तुम्ही मागचं काही काढलंत का?" प्रश्न निराधार असल्याचे मी सांगितले.

५ मार्च. सौ.च्या भावास, म्हणजे निवृत्त टेलिफोन इंजिनियरास, केवळ मतासाठी फोन केला. ते बूच म्हणजे टर्मिनेटर म्हणे. माळेच्या दोन्ही टोकांना हवाच. एरवी सिग्नल टोकावर आपटून माघारी येतो. संगणकाकडचा आतच बसवलेला असतो. मला हे ठाऊकच होते.

८ मार्च. नवा टर्मिनेटर आणून लावला. मधल्या डिस्कच्या अंगातही एक टर्मिनेटर आणि त्याचा खटका निघाला. तोही चालू केला. टोकाच्यांचा मान राखावा आणि मधल्याने उपेक्षित राहावे, हे मला पटत नाही. आता संगणकच सुरू होईना. मेहुणे फोनवर पोटभर हसले. "भावोजी, मध्येच बूच मारलंत तर पुढं जाणार काय?" त्यांचा स्वभाव पूर्वीपासून उथळ.

१२ मार्च. खटका बंद केला (स्वेच्छेने). टर्मिनेटरला वीजही लागते. ती संगणक केबलमधूनच पुरवतो, असे मेहुणे म्हणतात. हे परावलंबन मला मान्य नाही. जुन्या मोबाइलच्या चार्जरची वायर थेट टर्मिनेटरला जोडली.

१२ मार्च, दुपारी. किंचित धूर. डिस्कचा दिवा विझला. वीजमंडळाचा दोष.

१९ मार्च. सौ. रोज जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसते. काळजीने पत्रे लिहीत असावी. बिचारी.

३१ मार्च. मेहुण्यांनी येऊन डिस्क तपासली; गेली म्हणाले. सौ.च्या सांत्वनार्थ मी चार वाक्ये रचून ठेवली होती. ती म्हणाली, कादंबरी आठवून पुन्हा लिहिली आणि सकाळीच पाठवली. संध्याकाळी संपादिकेचा फोन आला: मागे नमुन्यादाखल पाठवलेल्या प्रकरणापेक्षा भाषा फारच मोकळी झाली आहे, हे कसे जमले?

सौ.ने माझ्याकडे पाहिले. "पुढचं पुस्तक सुरू केलं, की संगणक पुन्हा एकदा तुम्हीच बघा हं."

होकार दिला. माझ्यावाचून तिचे पान हलत नाही.