गुमेदेबाबांची बस

प्रिय मुझी,

थोबिले मावशी काल तुला भेटून आली आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने तुझा निरोप सांगितला. आईला म्हणावं मी ठणठणीत झालोय, दारूची आठवणसुद्धा येत नाही, येत्या रविवारी मला घरी न्यायला ये. ऐकलं मी. चहा ठेवला, तो पुरता उतू गेला, मग लिहायला बसले. येते की नाही ते शेवटी सांगते. तू लहानपणापासून ताटातलं मांस आधी उचलणारा, पण आज आधी मक्याचा कोरडा पुथू खावा लागेल, त्याला इलाज नाही.

तर बातमी अशी की तुझी आई हल्ली पळते. हसू नकोस. म्हणजे हस, पण वाचत राहा. तू तिथे डोंगरातल्या केंद्रात गेलास आणि इथे घर मला खायला उठलं. त्यात क्लिनिकातल्या नर्सने रक्तदाब बघून असे डोळे केले की मला वाटलं आता पाद्रीला बोलावते. म्हणाली, चालायला तरी लागा. आणि आपल्या क्वामाशूत सकाळी चालायला निघालं की गुमेदेबाबांच्या बसखाली सापडल्याशिवाय कुणी सुटत नाही. तुला आठवत असतील ते. जन्मभर खरी बस चालवली, निवृत्त झाले तर आता माणसांची चालवतात. पाचपंचवीस जण एका घोळक्यात, एका चालीने पळतात, पुढे ड्रायव्हर गुमेदेबाबा. मागे पडेल त्याला आत घेतात, पुढे धावेल त्याला दटावून मागे आणतात. माझा अवतार काय सांगू, तुझी जुनी निळी विजार आणि डोक्याला चर्चचा रुमाल. कोपऱ्यावर कणकेच्या माग्विन्या तळणारी बाई मला बघून ओरडली, 'माशेझी, चोर कुठल्या बाजूला गेला गं?'

ती बस कसली, गोगलगाय. रस्त्यावरच्या दिव्यांचे तीन खांब पळायचं, मग एक खांब चालायचं. दम लागला म्हणून चालायचं नाही, दम लागायच्या आधीच चालायचं. मला पहिल्या दिवशी अपमान वाटला. मी म्हटलं, बाबा, मी अजून थकले नाही. तर म्हणतात, 'थकल्यावर चालणं म्हणजे बंद पडलेली गाडी ढकलणं. माझी गाडी मी ढकलत नेत नाही.' एक दिवस पळायचं, दुसऱ्या दिवशी घरी. दर आठवड्याला वाट थोडीशी लांबवायची, आणि तीन आठवडे लांबवली की चौथ्याला मुद्दाम आखडायची. पायांना हिशेब कळायला वेळ द्यावा लागतो म्हणे. आणि सगळ्यात मोठा नियम गाण्याचा. बाबा ओळ उचलतात, बसने उत्तर द्यायचं. ज्याचं उत्तर येत नाही तो धापा टाकतोय हे त्यांना मागे न बघता कळतं, मग ते अख्खी बस हळू करतात. एकासाठी सगळे हळू.

आता तुझ्या आईचा स्वभाव तुला माहीत आहे. माझ्यासाठी बस हळू झाली तर मी मेलेली बरी. एकदा चढावर माझा श्वास पार संपला, तर मी काय केलं असेल? नुसते ओठ हलवले. चेहरा हसरा, तोंड उघडमीट, आवाज शून्य. पुढे काही आठवड्यांनी श्वास पुरायला लागला, आणि एका उतारावर मागून दुसरी, जोरात पळणारी बस आली, पोरासोरांची, तशी मी तिच्यात उडी मारली. काय सांगू पोरा, अंगात वारा शिरला होता. उतारावर मी तरुण पोरींना मागे टाकलं. धाप कसली, काही नाही. वाटलं, ही म्हातारी आता समुद्रकाठची एकवीस किलोमीटरची शर्यत उद्याच मारून येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीला टेकवेना. नडगीच्या हाडातच कळ. शेजारणीच्या खांद्यावर हात टाकून संडासापर्यंत जायची वेळ आली, आणि सगळी गल्ली बघायला. पुढचे कितीतरी आठवडे घरी बसले. मी रडले, मुझी. पायासाठी नाही, मला वाटलं हेही गेलं हातचं.

बाबा भेटायला आले, संत्री घेऊन. मला वाटलं धीर देतील. पण आधी झाडलं. 'माशेझी, चर्चमध्ये तुमचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येतो आणि माझ्या बसमध्ये नुसते ओठ? मला फसवलंत ते चालेल, पण पाय फसत नाहीत.' मग संत्रं सोलून हातात दिलं आणि शांतपणे म्हणाले, 'छातीत दम आधी येतो. हाडं मागून येतात. दम आला की माणसाला वाटतं झालं, आपण तयार झालो. नवखे सगळे तिथेच मोडतात.' मी संत्रं तोंडात घातलं आणि मला तू दिसलास. गेल्या वर्षी तू केंद्रातून असाच अर्ध्यात निघून आला होतास. गालांवर तेज, बोलण्यात जोर. मी आनंदाने कोंबडी कापली, सगळ्या गल्लीला जेवू घातलं. आणि महिना सरायच्या आत तू टॅक्सी थांब्यामागे पिऊन पडलेला सापडलास.

आता मी पुन्हा बसमध्ये आहे. पहिल्या दिवसासारखी सुरुवात केली, एक खांब पळणं आणि दोन खांब चालणं. माझ्यासाठी बस हळू होते, आणि कुणी काही बोलत नाही, उलट पुढचे मागे वळून माझी ओळ गातात. परवा आम्ही उसाच्या शेतांपर्यंत जाऊन आलो आणि सबंध वाट मी गात होते, मोठ्याने, श्वास पुरवून. घरी येऊन आमासीचं आंबट दूध प्यायले आणि दुपारी भांडी घासताना परत गात होते. शर्यत होईल तेव्हा होईल. तिची मला घाई नाही.

थोबिलेने आणखी एक सांगितलं. निरोप देताना तू तिच्याकडे बघत नव्हतास, आणि कपातला चहा बशीत सांडत होता. पोरा, तुझा दम आलाय, तो मला इथवर ऐकू येतोय, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तुझी हाडं अजून वाटेत आहेत. म्हणून रविवारी मी तुला घरी आणणार नाही. तू माझ्यावर चिडशील, तर खुशाल चीड. पण रविवारी मी येणार आहे. तुझी बॅग न्यायला नाही, तुझे जुने बूट घेऊन. केंद्राच्या कुंपणाकडेने आपण दोघं पळू, एक खांब पळणं, दोन खांब चालणं. आणि पुढच्या महिन्यातही येईन, त्याच्या पुढच्याही. ओळ मी उचलीन, तू उत्तर दे. आवाज फाटला तरी चालेल, रडू आलं तरी चालेल, आपण हळू होऊ. फक्त नुसते ओठ हलवू नकोस.

तुझ्यासाठी हळू होणारी,
तुझीच आई